गावचा रंगमंच बांधताना

गेल्या वैशाखात मी माझ्या गावी गेलो होतो. संध्याकाळी फिरत फिरत वेशीकडे गेलो आणि गावच्या सांस्कृतिक भवनापाशी थांबलो. दाराला कुलूप होते आणि ते गंजून गेले होते. एका खिडकीची काच फुटलेली होती, तिच्यातून आत डोकावून पाहिले. रंगमंचावर कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, आणि जिथे प्रेक्षकांनी बसायचे तिथे एक मळणीयंत्र उभे होते. शेजारच्या कट्ट्यावर गावातले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी काही न बोलताच त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. ते म्हणाले, "मास्तर, देऊळ बांधलंसा, पर पूजेची पाळी कुणाची, ते ठरवायचं राहिलं की."

हे बोलणे मला लागले. लागण्याचे कारण असे की, चौदा वर्षांपूर्वी हे भवन बांधले तेव्हा जी समिती नेमली होती, तिचा चिटणीस मीच होतो. अर्ज मी लिहिले, वर्गणीच्या पावत्या मी फाडल्या, उद्घाटनाच्या दिवशी प्रास्ताविक भाषणही मीच केले. तेव्हा आजचे हे भाषण एखाद्या तज्ज्ञाचे आहे असे समजू नका. ज्याच्या हातून एक चूक झाली आणि ती का झाली याचा ज्याने नंतर विचार केला, अशा माणसाचे हे चार शब्द आहेत.

आज पुष्कळ गावांत सभागृहे होत आहेत. कुठे सरकारी निधी मिळतो, कुठे शहरात गेलेला एखादा गावकरी देणगी देतो, कुठे गाव आपल्याच कष्टाने उभे करते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपल्याकडे म्हण आहे ना, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. मी म्हणेन, रंगमंच पाहावा चालवून. बांधणे एका वर्षाचे काम, चालवणे पन्नास वर्षांचे.

आमचे काय चुकले ते आधी सांगतो. आम्ही सुरुवात केली ती नकाशापासून. शहरातल्या एका नाट्यगृहाचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे होते. तसे दालन पाहिजे, तशा पायऱ्या पाहिजेत, दर्शनी बाजूला कमान पाहिजे. या घरात राहणार कोण, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. गावात तेव्हा दोन भजनी मंडळे होती, लेझमीचे पथक होते, जत्रेला दरवर्षी पोरे नाटक बसवत होती, बायकांचा भोंडला होत होता. यांपैकी एकालाही आम्ही बोलावून विचारले नाही की, बाबांनो, तुम्हाला काय लागते? परिणाम असा झाला की, कपडे बदलायला खोली नाही आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. वर पत्रा घातला, त्यामुळे पावसाची सर आली की बोलणाऱ्याचा शब्द त्याच्या स्वतःच्याही कानी पडेना. चारी भिंती गुळगुळीत गिलाव्याच्या, म्हणून एरवीही आवाज घुमायचा. भजनी मंडळ एकदा येऊन गेले आणि परत देवळात जाऊन बसले. त्यांना दोष कसा देणार?

दुसरी चूक जागेची. भवन बांधले ते गावच्या एका टोकाला, वजनदार मंडळींच्या आळीत. पलीकडच्या वस्तीतल्या माणसांना तिथवर यायचे म्हणजे चार दारांवरून, चार नजरांखालून यायचे. कोणी त्यांना येऊ नका म्हटले नव्हते. पण या असेही कोणी म्हटले नव्हते. गावातली सगळ्यांत चांगली हलगी ज्या वस्तीत वाजते, ती वस्तीच त्या भवनात कधी आली नाही.

तिसरी चूक पैशाची. सगळी रक्कम आम्ही भिंतींत घातली आणि पुढच्या वर्षासाठी एक रुपया राखला नाही. विजेचे बिल कोणी भरायचे हे ठरलेले नव्हते. सहा महिन्यांनी जोडणी तोडली. अंधाऱ्या सभागृहात कोण येणार? नव्याचे नऊ दिवस संपले, आणि कोणीतरी पहिली पेंढी आत टाकली.

आता एक गोष्ट पाहा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले आणि तिथून आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मानतो. त्या नाटकाची प्रेरणा कुठून आली? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून. ते खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसे काही करायला सांगितले. म्हणजे या बाबतीत शेजाऱ्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा कधीच नव्हता. म्हणून आज मी तुम्हाला पुन्हा एकदा कर्नाटकातच घेऊन जातो.

शिवमोग्गा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडु नावाचे एक लहान खेडे आहे. सुपारीच्या बागा, घाटमाथ्याचा धो धो पाऊस, आपल्या कोकणासारखाच मुलूख. या गावातल्या मंडळींनी १९४९ साली एक नाट्यसंघ काढला. श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ हे त्याचे नाव, आणि लोक त्याला 'नीनासम' म्हणून ओळखतात. पुढे के. व्ही. सुब्बण्णा हे या संघाचे प्राण झाले. स्वतः सुपारीचे बागायतदार, शिकलेले, लिहिणारे. पण राहिले ते गावातच. १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २००५ साली ते वारले, आणि संघ त्यांच्यामागेही चालू राहिला.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सालांचे अंतर. संघ निघाला १९४९ साली. शिवराम कारंत यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले १९७२ साली. मधली तेवीस वर्षे ही मंडळी नाटके करीत होती, पाहत होती, त्यांवर बोलत होती. इमारत झाली तेव्हा तिच्यात राहणारी माणसे आधीच तयार होती. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, त्यांनी चित्रपट मंडळ काढले आणि देशोदेशींचे नामांकित चित्रपट खेड्यातल्या लोकांना दाखवायला सुरुवात केली. १९८० साली नाट्यशिक्षणाची शाळा निघाली, आणि १९८५ साली 'तिरुगाट' नावाची फिरती मंडळी सुरू झाली. ही मंडळी दरवर्षी नवी नाटके बसवते, आपले सामान गाडीत भरते आणि कर्नाटकातल्या गावोगावी प्रयोग करीत हिंडते. एकेक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे. आम्ही मात्र पहिल्या दिवशीच गच्ची बांधायला निघालो होतो.

तुम्ही म्हणाल, ते कर्नाटकातले झाले. आपल्याकडे काय? तर आपल्याकडे झाडीपट्टी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पूर्व विदर्भाच्या भागात दिवाळी झाली, धान घरात आले, की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाट्यमंडळ्यांचे मोठे ठाणे. गावचे मंडळ नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते, आणि रात्रभर नाटक चालते. आसपासच्या गावांतून माणसे येतात, घरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आता विचार करा, तिथे बहुतेक ठिकाणी कायमची इमारतसुद्धा नाही! पण हंगाम ठरलेला आहे, आणि कोण काय करणार हे ठरलेले आहे. असतील शिते तर जमतील भुते, असे आपण म्हणतो. झाडीपट्टीत शिते आहेत, म्हणून भुते शेतातल्या मंडपातही जमतात.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबर म्हणून क्षेत्र आहे. कवी सुधांशु आणि त्यांच्या मित्रांनी १९३९ साली तिथे सदानंद साहित्य मंडळ स्थापन केले, आणि त्या मंडळाचे संमेलन मकरसंक्रांतीला भरते. संक्रांत विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही, म्हणून संमेलनही विसरले जात नाही. दिवस पक्का असला की अर्धे काम झाले.

पण इमारत असली तर तिची काळजीच घ्यायला नको असा अर्थ कोणी काढू नये. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. राजर्षी शाहू महाराजांनी ते बांधवले, १९१५ साली ते पुरे झाले, आणि शेजारीच कुस्तीचे खासबाग मैदान केले. एका राजाने पैलवानाला आणि नटाला शेजार दिला! पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. माणसे घरातले कोणी गेल्यासारखी रडली. ती रडली, कारण ती वास्तू त्यांची होती. पुनर्बांधणीचे काम पुढे हाती घेतले गेले ते याच मायेच्या बळावर. आपण यातून दोन गोष्टी घ्याव्यात. लोकांचे प्रेम हे वास्तूचे खरे भांडवल आहे ही एक. आणि लाकूड, कापड, वीज जिथे एकत्र येतात तिथे आगीचे भय कायम असते, ही दुसरी. म्हणून वायरिंग दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे, वाळूच्या बादल्या आणि आग विझवण्याची नळकांडी जागेवर असावीत, बाहेर उघडणारी निदान दोन दारे असावीत, आणि विम्याचा हप्ता चुकू नये.

आता तुमच्या गावात असे काही करायचे असेल तर कुठून सुरुवात करावी, ते सांगतो.

पहिले एक वर्ष काहीच बांधू नका. होय, अगदी काही नाही. गावात जे चालू आहे त्याची एका वहीत नोंद करा. सप्ताह कधी, जत्रा कधी, शाळेचे संमेलन कधी, गणपतीत काय होते, कोण पोवाडा म्हणतो, कोण पेटी वाजवतो, कोणत्या आजींना जात्यावरच्या ओव्या येतात. मग महिन्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या पटांगणात काहीतरी करा. बारा महिन्यांत बारा दिवस जमले, तर तुमच्या गावाला रंगमंच पाहिजे आहे असे समजा. चारच जमले तर अजून एक वर्ष थांबा. त्यात तोटा कोणाचाच नाही.

नंतर जागा. जागा अशी हवी की गावातल्या कोणत्याही वस्तीतल्या बाईला रात्री दहा वाजता एकटीने घरी जाता येईल. ही एकच कसोटी लावली तरी बऱ्याच चुका टळतात. शाळेलगतची जागा मिळाली तर फारच उत्तम. दिवसा मुले वापरतील, रात्री गाव वापरेल, आणि एकच पाण्याची टाकी, एकच स्वच्छतागृह दोघांना पुरेल.

मग बांधकाम. आपल्याकडे वर्षातले आठ महिने उघड्यावर बसता येते. म्हणून आधी उघडा रंगमंच करा. कमरेइतक्या उंचीचा चौथरा, मागे भिंत, दोन्ही बाजूंना आडोसा, मागे कपडे बदलायच्या दोन खोल्या, आणि समोर उताराची जमीन. मंच पश्चिमेला ठेवू नये, नाहीतर मावळतीचे ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. चौथऱ्यावर चढायला पायऱ्यांबरोबर एक उतरणही ठेवा. म्हाताऱ्यांची आणि अपंगांची सोय होते, आणि तबला-पेटी चढवणाऱ्याचीही. बंद दालन बांधायचेच असेल तर छत उंच ठेवा आणि वर झरोके ठेवा, म्हणजे गरम हवा निघून जाईल आणि पंख्यांवरचा खर्च वाचेल. पत्रा घालणार असाल तर खाली दुसरे आवरण पाहिजेच. आणि दालनाच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. टाळी दोनदा ऐकू आली तर भिंतींवर काथ्याच्या चटया, जाड पडदे, काहीतरी लावा. आमच्या गावात ही टाळी कोणी वाजवली नाही.

"मास्तर, हे सगळं खरं, पण पैसा?" असे तुम्ही म्हणाल. हिशेब करू या. इमारतीच्या खर्चाच्या शेकडा दोन तरी दरवर्षी देखभालीला लागतात असे धरून चालावे. चाळीस लाखांचे भवन बांधले तर वर्षाला ऐंशी हजार झाले. गाव तीनशे उंबऱ्यांचे असेल तर दर उंबऱ्याला वर्षाला सुमारे पावणेतीनशे रुपये. तेच पंधरा लाखांचा उघडा रंगमंच केला तर वर्षाला तीस हजार, म्हणजे दर उंबऱ्याला शंभर रुपये. गावाने आधी विचारावे, दरवर्षी आपण किती देऊ शकतो? जे उत्तर येईल त्यावरून इमारतीचे माप काढावे. आम्ही उलटे केले. किती निधी मिळतो ते पाहिले आणि तेवढी इमारत बांधली. निधी एकदाच येतो, बिल दर महिन्याला येते.

उत्पन्न अनेक वाटांनी येऊ शकते. लग्नाला, बैठकीला भाडे घ्यावे. शाळेला, भजनाला, बचत गटाला फुकट किंवा नाममात्र द्यावे. पण एक पथ्य पाळावे. ठरलेल्या कार्यक्रमाच्या दिवशी कितीही भाडे मिळाले तरी जागा लग्नाला देऊ नये. एकदा ती सवय लागली की रंगमंचाचे मंगल कार्यालय व्हायला वेळ लागत नाही. गावात वाचनालय असेल तर ते याच जागेत आणावे. वाचनालय रोज उघडते, त्यामुळे झाडलोट होते, दिवा लागतो, आणि कुलूप गंजत नाही. आणि शिलकीतून थोडी रक्कम वेगळी ठेवावी. २०२० साली कोरोनाच्या साथीत नाट्यगृहे बंद पडली, तेव्हा गाठीला पैसा असणे म्हणजे काय ते सगळ्यांना कळले.

शेवटी किल्ली. किल्ली कोणाकडे राहणार, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण गावातली अर्धी भांडणे याच किल्लीवरून होतात. ती एका घरात राहिली की भवन त्या घराचे होते. समितीत प्रत्येक वस्तीचा माणूस असावा, बायका असाव्यात, एक शिक्षक असावा आणि एक पंचविशीच्या आतला तरुण असावा. संस्था रीतसर नोंदवावी, जमा-खर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचावा. आणि किल्ली वर्षावर्षाने फिरती ठेवावी, देवळातल्या पूजेच्या पाळीसारखी.

शिक्षकबंधू-भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. गावात येणारा अधिकारी बदलतो, पुढारी बदलतो. तुमचीही बदली होते, हे मी जाणतो. पण शाळा बदलत नाही. वर सांगितलेली नोंदवही शाळेत ठेवा, मुलांकडून लिहून घ्या. आपल्या आजीच्या ओव्या ज्या मुलाने लिहून काढल्या, ते मूल पुढे त्या रंगमंचाला परके राहणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर आज जगातले सगळे दिसते, हे खरे आहे. पण त्या पडद्यावर आपल्या शेजारच्या घरातली मुलगी राणी होऊन येत नाही, आणि ती चुकली तर तिला पुढचा शब्द सांगायला आपण तिथे नसतो.

आता आमच्या गावचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. वैशाखातल्या त्या संध्याकाळनंतर मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि माझी चूक सांगितली. वाटले होते लोक हसतील, पण कोणी हसले नाही. ज्यांचा कडबा आत होता त्यांनी स्वतःच तो हलवला. दर पौर्णिमेला कार्यक्रम करायचा असे ठरले, कारण पौर्णिमा सांगावी लागत नाही आणि परत जाताना वाटेला चांदणे असते. श्रावणात शाळेच्या मुलांनी कविता म्हटल्या. भाद्रपदात पाऊस लागला, पत्रा वाजू लागला, अकरा माणसे आली. त्या अकरा माणसांनी जवळ जवळ बसून भजन केले. कोजागिरीला पलीकडच्या वस्तीतली हलगी प्रथमच त्या दारातून आत आली, आणि त्या रात्री माणसांना बसायला जागा पुरली नाही.

पुढच्या वर्षी काय होईल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. छताला दुसरे आवरण घालायचे आहे, स्वच्छतागृह बांधायचे आहे, थकलेले बिल अजून फिटायचे आहे. पण पाळी ठरली आहे. यंदाची किल्ली भजनी मंडळाकडे आहे, पुढच्या वर्षीची बचत गटाकडे. त्या कट्ट्यावरच्या वृद्ध गृहस्थांना मी परवा विचारले, "काय, आता कसे?" ते म्हणाले, "आता बघू. गाव करील ते राव करायचा न्हाई."

श्रोतेहो, तुमच्या गावात असे एखादे कुलूप गंजत पडले असेल, तर त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी उद्या सकाळी विचारून पाहा.